शॅम्पू केला तरी गालिच्यावरचा डाग चार दिवसांनी पुन्हा वर येतो, तेव्हा

तक्रार अशी. व्हॅक्यूम क्लीनरला शॅम्पूची जोडणी लावून गालिचा घरीच धुतला. ओला होता तोवर छान दिसला, वाळल्यावर दुसऱ्या दिवशीही ठीक होता. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी चहाचा जुना डाग त्याच जागी, त्याच आकारात पुन्हा दिसला, कडेने तर आधीपेक्षा गडद. परत शॅम्पू केला, परत चार दिवस गेले, परत डाग. त्यात भर म्हणजे गालिचा आता पूर्वीपेक्षा लवकर मळतो, अनवाणी पायाला किंचित चिकट लागतो आणि ढगाळ दिवशी कुबट वास येतो.

आमच्या ठाण्याच्या घरात हे ओळीने तीनदा झालं. गालिचा भदोहीचा, लोकरीचा, ५ बाय ७ फुटांचा, मागे कापडाचं अस्तर चिकटवलेला. डाग सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यासमोर, बाबांच्या बसायच्या जागी. बाबांच्या हाताला कंप आहे. त्यामुळे डाग दिसला की घरात प्रत्येकाने मनातल्या मनात एकच अर्थ काढला, की यांच्याकडून पुन्हा चहा सांडला. कुणी बोललं नाही, पण त्यांना ते कळत होतं. तिसऱ्या वेळेनंतर ते चहा घ्यायला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसायला लागले. मला ते बघवेना, म्हणून मी या डागाच्या मागे लागले. चहा पुन्हा सांडलाच नव्हता. पहिल्याच दिवशीचा चहा दर वेळी खालून वर येत होता, आणि त्याला वर यायला मीच पाणी पुरवत होते.

डाग खालून वर कसा येतो

समईच्या वातीतून तेल वर चढतं, तसंच हे आहे. सांडलेला चहा गालिच्याच्या लवेच्या टोकाशी थांबत नाही. तो धाग्यांच्या मुळाशी आणि तिथून अस्तरापर्यंत उतरतो. आपण वरून पुसतो तेव्हा टोकं स्वच्छ होतात आणि मुळाशी गेलेला चहा तिथेच वाळतो. मग शॅम्पूचं भरपूर पाणी खाली जातं आणि त्या वाळलेल्या चहाला पुन्हा विरघळवतं. गालिचा वाळताना पाणी उडून जातं ते वरच्या टोकांवरून. तिथली जागा कोरडी झाली की खालचं पाणी धाग्यातून वर चढतं, येताना रंग घेऊन येतं, आणि रंग टोकाशी ठेवून स्वतः उडून जातं. म्हणून ओला असताना डाग दिसत नाही, वाळल्यावरच दिसतो.

आपल्या चहाच्या डागात तीन वेगळ्या गोष्टी असतात, हेही मला उशिरा उमगलं. तपकिरी रंग चहाच्या पत्तीचा. दुधातली प्रथिनं आणि साय वेगळी, आणि गरम पाणी लागलं की प्रथिनं घट्ट होऊन धाग्याला धरून बसतात. तिसरी साखर. साखर दिसत नाही, पण वाळल्यावर चिकट राहते आणि पावलांची धूळ पकडते. पुष्कळदा आपण ज्याला चहाचा डाग म्हणतो, तो खरं तर साखरेने धरलेला मळ असतो. दोन-तीन चमचे साखरेचा चहा पिणाऱ्या घरात हे नक्की तपासा.

लवकर मळण्याचं कारणही याच जातीचं आहे. शॅम्पूचं काम मळाला धरणं. धरलेला मळ आणि शॅम्पू दोन्ही ओढून बाहेर काढले तर उत्तम. शॅम्पू आत राहिला, तर तो उद्याच्या पावलांचा मळही तितक्याच इमानाने धरतो. म्हणजे डाग, चिकटपणा आणि कुबट वास या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच: आपण आत किती घातलं आणि त्यातलं बाहेर किती काढलं.

मोजून बघा

हे मोजता येतं, आणि माझ्या मते सगळ्यात आधी हेच करावं. शॅम्पूच्या टाकीत पाणी भरताना मापाने भरा. काम झाल्यावर यंत्रात जमलेलं गढूळ पाणी बादलीत ओता आणि तेही मापून घ्या. मी चौथ्या खेपेला हे केलं. आत गेलं होतं ५ लिटर, बाहेर आलं जेमतेम २. उरलेले ३ लिटर गालिच्यात होते. हाताला तर गालिचा नुसता दमट लागत होता. लोकर फसवते ती अशी: स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल ती धाग्याच्या आत सामावून घेते आणि तरी ओली वाटत नाही.

जे आत जाईल त्यातलं निदान तीन-चतुर्थांश परत येत नसेल, तर शॅम्पूची बाटली बदलण्यात अर्थ नाही. आधी यंत्राची ओढ बघायची.

तुमची जोडणी कोणत्या प्रकारची आहे

घरोघरी दोन प्रकार दिसतात आणि त्यांची गल्लत झाली की यंत्र बिघडतं.

एका प्रकारात नळी यंत्राच्या हवा बाहेर फेकणाऱ्या तोंडाला लावायची असते. ती हवा शॅम्पूच्या डब्यातून जाते, फेस तयार होतो आणि ब्रशमधून गालिच्यावर पडतो. हे यंत्र फेस घालतं, पाणी ओढत नाही. फेस लवेत हलक्या हाताने चोळायचा, पूर्ण वाळू द्यायचा, आणि वाळल्यावर नेहमीच्या कोरड्या तोंडाने दोन-तीनदा ओढून घ्यायचा. इथे चूक होते ती अशी, की फेस येत नाही म्हणून लोक पाणी वाढवतात. फेस न येण्याची कारणं बहुधा डब्याचं झाकण नीट न बसणं, आतल्या जाळीत जुना शॅम्पू वाळून बसणं किंवा बोअरवेलचं जड पाणी ही असतात. झाकणाची रबरी कडी धुऊन बसवा, जाळी कोमट पाण्यात भिजत घाला, पिण्याचं पाणी वापरून बघा. आणि अशा साध्या, फक्त कोरडी धूळ ओढणाऱ्या यंत्राने ओला फेस ओढायला कधीही जाऊ नका. ओल पिशवीतून थेट मोटारीकडे जाते.

दुसरा प्रकार पाणी सोडून लगेच ओढणारा, आमच्याकडे आहे तो. मुठीवरचा खटका दाबला की शॅम्पूचं पाणी फवारलं जातं आणि मागून सपाट तोंड ते ओढून घेतं. यात ओलं काम सुरू करण्यापूर्वी धुळीची कापडी किंवा कागदी पिशवी काढायची असते. ओल्या कामासाठी यंत्रासोबत स्पंजाची वेगळी टोपी आली असेल तर ती चढवायची.

ओढ कमी का पडते

आमच्याकडे तीन कारणं एकत्र निघाली. नळी जिथे मुठीला जोडते तिथे बारीक चीर होती. यंत्र चालू ठेवून नळीवरून ओला हात फिरवला तेव्हा तिथे गार हवा लागली. चिकटपट्टीने तात्पुरतं भागतं, पण नवी नळी घ्या. झाकणाखालच्या रबरावर केस आणि धूळ बसली होती, त्यामुळे झाकण सगळीकडे टेकत नव्हतं. आणि तिसरं, मुख्य कारण फेस.

यंत्राच्या आत एक तरंगता गोळा किंवा झडप असते. टाकी भरली की पाण्याबरोबर ती वर उचलली जाते आणि ओढ बंद करते, म्हणजे पाणी मोटारीत जात नाही. फेसाला मात्र ती झडप नीट ओळखू शकत नाही. कधी अर्ध्या टाकीलाच फेसाने वर चढून बसते आणि ओढ अचानक जाते, तर कधी फेस बाजूने निसटून मोटारीपर्यंत पोचतो. हवेच्या तोंडातून बुडबुडे किंवा तुषार यायला लागले, आवाज बदलला, जळका वास आला, तर त्याच क्षणी बटण बंद करून प्लग काढा. दोन-तीन दिवस उघडं ठेवून वाळवल्याशिवाय आणि दुरुस्ती करणाऱ्याला दाखवल्याशिवाय परत लावू नका.

फेस कमी करायचा सोपा उपाय म्हणजे शॅम्पू कमी करणं. मी अंदाजाने तीन टोपणं ओतत होते, बाटलीवर तेवढ्याच पाण्याला एक लिहिलेलं होतं. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छता, ही समजूत आपल्या कपडे धुण्यातून आलेली आहे. त्याशिवाय गढूळ पाण्याच्या टाकीत सुरुवातीलाच अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून ठेवलं तर आत येणारा फेस बराच बसतो. ते फवाऱ्याच्या टाकीत घालायचं नाही, गढूळ पाण्याच्या टाकीत घालायचं.

कपडे धुण्याची पावडर यात कधीच वापरू नका. ती अल्कधर्मी असते, आणि तिच्यात प्रथिनांचे डाग खाणारी एन्झाइमं असू शकतात. लोकर स्वतःच प्रथिन आहे. भांड्यांचा द्रव साबण लोकरीला तितका घातक नाही, पण तो लवेतून निघता निघत नाही.

विजेचंही इथेच सांगते. ओल्या गालिच्यावर अनवाणी उभं राहून यंत्र चालवायचं नाही, रबरी चप्पल घालायची. प्लग तीन पिनांचाच, जोडवायर जमिनीवर लोळणारी नको. घरात गळती ओळखून वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा स्विच बसवलेला असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी त्याचं चाचणीचं बटण दाबून बघा.

आत राहिलेला शॅम्पू कसा काढायचा

आधी तो आहे का ते पाहा. डागाच्या जागी कोमट पाण्याचे दोन-चार फवारे मारा आणि तळहाताने गोल चोळा. शॅम्पू घातलेला नसताना फेस आला, तर तो मागच्या खेपेचा. आमच्याकडे पांढरा साबणी फेस आला होता, तोही शॅम्पूनंतर तीन आठवड्यांनी.

मग एक पूर्ण फेरी फक्त पाण्याची. टाकी धुऊन घ्या, तीत साधं कोमट पाणी भरा, शॅम्पू अजिबात नाही. गालिच्यावर आधी कोरडी झाडणी हवी. मळातला मोठा भाग कोरडी माती आणि रेती असते, ती ओली केली की चिखल होऊन खाली बसते. म्हणून एकदा लवेच्या दिशेने, एकदा उलट, आणि गालिचा उलटा करून मागून एकदा सावकाश यंत्र फिरवा. घाई इथे नको, मला ५ बाय ७ फुटांना वीस मिनिटं लागतात.

नंतर ओली फेरी. खटका दाबून एक पट्टा ओढायचा, मग खटका सोडून त्याच पट्ट्यावर निदान तीन कोरड्या ओढी. तोंडाच्या पारदर्शक खिडकीतून पाणी जाताना दिसतं. ते दिसायचं थांबेपर्यंत त्याच पट्ट्यावर राहायचं. पाठ आणि खांदे भरून येतात, त्यामुळे अर्धा गालिचा आज आणि अर्धा दोन दिवसांनी केला तरी चालेल. डागाच्या जागी जास्त फवारायचा मोह होतो. तो आवरा, कारण तिथे घातलेलं प्रत्येक जादा पाणी खालचा चहा वर आणण्याच्या कामी लागतं.

या एका फेरीनंतर आमच्या गालिच्याचा चिकटपणा गेला. डाग मात्र फिकट होऊन राहिला होता.

डागाला वर येऊ द्यायचं, पण गालिच्यावर नाही

डाग वर चढणारच असेल, तर त्याला चढायला आणखी वरची जागा द्यायची. डागावर पाव वाटी गार पाणी आणि त्यात एक चमचा पांढरं व्हिनेगर असं मिश्रण शिंपडा, पाच मिनिटं थांबा, यंत्राने ओढून घ्या. जागा दमट असतानाच तिच्यावर पांढरा सुती टॉवेल चार घड्या करून ठेवा, वर प्लॅस्टिकचा कागद, आणि त्यावर वजन. मी वरवंटा ठेवला होता. रात्रभर तसंच. वाळताना पाणी टोकाला न थांबता टॉवेलात चढतं आणि रंग टॉवेलात सोडतं. टॉवेल रंगीत नको, नाहीतर उलट प्रवास व्हायचा.

सकाळी टॉवेल उचलला तर त्यावर फिकट तपकिरी वर्तुळ उमटलेलं होतं, डागाच्याच आकाराचं. तो टॉवेल मी धुवायला टाकण्याआधी बाबांना नेऊन दाखवला. म्हटलं, "बाबा, हा जुनाच चहा आहे. मार्चमधला." ते बराच वेळ तो टॉवेल हातात घेऊन बघत राहिले. दुसऱ्या रात्री परत तसंच केलं, वर्तुळ आणखी फिकट आलं. त्यानंतर डाग परतलेला नाही.

दोनदा टॉवेल ठेवूनही डाग तसाच असेल तर थांबा. रंग धाग्यात पक्का बसलेला असतो आणि पुन्हापुन्हा भिजवण्याने अस्तर चिकटवणारा रबराचा थर सुटायला लागतो. गालिचा मागून पांढरी पूड सांडायला लागला तर तो थर झिजतोय असं समजा, आणि घरचं ओलं काम पूर्ण बंद करा.

वाळवणं

ओला गालिचा २४ तासांच्या आत वाळला पाहिजे. ओल दोन दिवस राहिली की बुरशी धरू शकते, आणि मग जो वास येतो तो अत्तराने किंवा सोड्याने जात नाही. फरशीवर अंथरलेला गालिचा वरून कोरडा होतो, पण खाली फरशीला घाम सुटतो. चार प्लॅस्टिकची स्टुलं मांडून त्यावर गालिचा पसरा, छताचा पंखा पूर्ण वेगाने आणि शक्य असेल तर एक टेबलफॅन खालून लावा. एसी असेल तर त्याचा ओल शोषणारा प्रकार चालू ठेवा. कडक उन्हात लोकरीचे रंग उडतात, तेव्हा गॅलरीत ठेवायचा झाला तर उलटा ठेवा. गुंडाळून उभा करून निथळू देऊ नका, सगळं पाणी एका टोकाला जमून तिथे तपकिरी पट्टा उठतो.

तागाचं अस्तर असलेल्या गालिच्यात असा तपकिरीपणा सगळीकडेच येऊ शकतो. फार भिजलेल्या आणि हळूहळू वाळलेल्या तागातून रंग सुटतो आणि लवेच्या टोकाला चढतो. लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे व्हिनेगर घालून हलका फवारा मारला, यंत्राने ओढलं आणि पंख्याखाली झटपट वाळवलं, तर पुष्कळसा जातो.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणपट्टीत गालिच्याला शॅम्पू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हवेतच इतकी ओल असते की गालिच्यातली ओल जायला जागा नसते. तेव्हा फक्त कोरडी झाडणी करा आणि डाग पडेल तेवढाच टिपा. गणपतीच्या आधी घर लख्ख करायची घाई मला समजते, पण त्यासाठी मे महिना गाठावा.

हे गालिचे या यंत्राखाली नकोतच

रेशमासारखा चमकणारा, पण स्वस्तात मिळालेला गालिचा बहुधा व्हिस्कोसचा असतो, कधी बांबू सिल्क या नावाने विकलेला. व्हिस्कोसचा धागा ओला झाला की कमकुवत होतो, लव मोडते आणि पिवळट डाग उठतात. खऱ्या रेशमाचे आणि हाताने गाठी मारलेले जुने काश्मिरी गालिचेही जाणकाराकडेच द्या. बाकी कशालाही आधी एका कोपऱ्यात ओलं पांढरं फडकं अर्धा मिनिट दाबून बघा. फडक्याला लाल किंवा निळी झाक आली तर काम तिथेच थांबवा.

हळदीचा डाग वेगळा. त्याला साबण किंवा शॅम्पू लागला की तो लालभडक होतो आणि माणूस घाबरतो. तो रंग पक्का झालेला नसतो, अल्कधर्मी पदार्थाने हळद लाल होते एवढंच. व्हिनेगरच्या पाण्याने टिपलं की परत पिवळी होते. मग त्या जागेवर दोन-तीन दिवस सकाळचं कोवळं ऊन पडू द्या. हळदीचा पिवळा रंग उन्हाने विटतो, हे आपण सगळ्यांनी वाळत घातलेल्या कपड्यांवर पाहिलेलं आहेच.

नवा चहा सांडला तर यंत्र काढूच नका. चोळायचं नाही, कोरडं सुती फडकं दाबून धरायचं, जागा बदलत राहायचं. मग थोडं गार पाणी शिंपडून पुन्हा दाबायचं, म्हणजे साखर आणि दूध निघून येतं. गरम पाणी नाही. हे सगळं पहिल्या पाच मिनिटांत झालं तर बराचसा चहा मुळापर्यंत पोचण्याआधीच निघून येतो.

सोफ्याच्या उजव्या हाताशी आता एक पांढरं फडकं आणि पाण्याची फवाऱ्याची बाटली ठेवलेली असते. गेल्या रविवारी चहा खरोखर सांडला. मी उठेपर्यंत बाबांनी वाकून फडकं दाबून धरलं होतं. दोन्ही हातांनी, सगळा भार देऊन. आज आठवा दिवस आहे, जागा कोरडी आणि स्वच्छ आहे, आणि ते तिथेच बसून चहा घेतायत.